बिनभट्टीची नक्षी

नक्षीच्या सिमेंट लादीला भट्टी लागत नाही. वीट, कौल, चिनी मातीची बशी, न्हाणीघराच्या भिंतीवरची चकचकीत टाइल, ही सगळी मंडळी आगीतून जाऊन आलेली असतात. ही लादी मात्र साच्यात दाबतात आणि पाण्यात मुरवतात. तिची कुळकथा सांगायची तर हाच धागा धरावा लागतो. भट्टी सुटली म्हणूनच विलायतेतल्या चर्चची नक्षी इकडच्या साध्या घराच्या ओटीपर्यंत आली.

हा शोध सुरू झाला तो बदलापुरात कात्रपला आत्याच्या जुन्या बैठ्या घराची डागडुजी निघाली तेव्हा. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जाणारा बोळ, त्यात शहाबादी फरशी, आणि तीही जागोजागी पोकळ झालेली. आत्याला तिथे नक्षी हवी होती. दुकानात ‘मोरोक्कन’ आणि ‘अँटिक’ अशा नावांखाली नक्षीचे ढीग होते. एकीचा भाव दुसरीच्या तिप्पट, आणि फोटोत दोघी सख्ख्या बहिणी. फरक कशात आहे हे दुकानदाराला धड सांगता येईना. मग मागे जाणं आलं.

या पट्ट्यात आधी होती ती शेणाने सारवलेली जमीन. दगडाला तोटा नव्हता. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालापासून इथल्याच काळ्या पाषाणात उभं आहे. पण हा बसाल्ट सहजासहजी पातळ थरांत सुटत नाही. त्याची फरशी करायची म्हणजे टाकीने घडवायची, आणि ते देवाला किंवा सरदाराला परवडणारं काम. सामान्य घराला हवा होता थराथरांनी निघणारा दगड. तो घाटापलीकडे, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, शहाबादला होता. बदलापूरवरून जाणारी रेल्वे 1856 मध्ये सुरू झाली, 1863 मध्ये तिने बोरघाट ओलांडला आणि 1871 मध्ये ती रायचूरला पोचली. शहाबाद याच वाटेवरचं स्टेशन. आत्याच्या बोळातल्या निळसर-करड्या फरशीचा पूर्वज असा मालगाडीने आला. टिकाऊ, थंड, स्वस्त, पण नक्षी नाही.

नक्षी आली समुद्रमार्गे. मध्ययुगात इंग्लंडमधल्या मठा-चर्चमध्ये दोन रंगांच्या मातीच्या लाद्या घालत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या चॅप्टर हाउसमध्ये तेराव्या शतकातली अशी जमीन आजही पाहायला मिळते. लादी ओली असताना तिच्यात नक्षीचा खळगा उठवायचा, त्यात दुसऱ्या रंगाची माती भरायची आणि मग भाजायचं. पुढे ही कला मागे पडली. 1830 मध्ये सॅम्युएल राइटने तिचं यंत्रयुगाला साजेसं पेटंट घेतलं आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने ते व्यापारी पातळीवर यशस्वी करून दाखवलं. नक्षी वरून रंगवलेली नव्हे, अंगात भरलेली, हे या घराण्याचं पहिलं लक्षण. चार पिढ्यांच्या पायांनी लादी झिजली तरी फूल पुसलं जात नाही, कारण ते खालीही असतं.

मिंटनच्या लाद्या मुंबईत उतरल्या त्या मोठ्या इमारतींसाठी. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये त्या आहेत. भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे 1872 मध्ये उघडलेल्या आणि आता भाऊ दाजी लाड यांचं नाव असलेल्या वास्तूतही आहेत. तिथे खाली मान घालून चाललं तर कपाटांइतकाच ऐवज पायाखाली सापडतो. पण विलायतेत भाजून जहाजाने आणलेली ही वस्तू सरकार, चर्च आणि शेटजी यांच्यापुरतीच राहिली. तिची नक्कल इथे करायची तर तशी माती हवी, तशी भट्टी हवी आणि भाजताना दोन माती सारख्याच आक्रसतील हे साधणारा हातही हवा.

मधल्या काळात फ्रान्समध्ये दुसरीच वाट फुटली होती. पाण्यात घट्ट होणारा चुना आणि त्यापाठोपाठ सिमेंट हाताशी आलं. इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 चं. दक्षिण फ्रान्समध्ये व्हिव्हिए गावाच्या परिसरात, चुन्याच्या खाणींच्या शेजारी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की सिमेंट रंगवता येतं, साच्यात भरता येतं, दाबलं की दगडासारखं होतं आणि त्याला सरपणाचा एक तुकडाही लागत नाही. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात बार्सिलोनाच्या गारेत, रिवेत कंपनीने अशा लाद्या मांडल्या. पुढच्या काही दशकांत हे तंत्र स्पेन, उत्तर आफ्रिका, क्युबा, व्हिएतनाम असं पसरलं. जिथे सिमेंटचं पोतं आणि लोखंडी प्रेस पोचली, तिथे लादीचा कारखाना निघाला. दुकानातली ‘मोरोक्कन’ नक्षी ही याच फ्रेंच-स्पॅनिश कुळाची, मोरोक्कोत नांदायला गेलेली लेक.

लादी होते कशी, हे एकदा तरी जवळून पाहावं. तळाला गुळगुळीत लोखंडी पाट, भोवती चौकट, आणि चौकटीत पितळी पट्ट्यांची जाळी, म्हणजे नक्षीच्या रेषा. पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी, रंग आणि पाणी यांचं ताकासारखं मिश्रण कारागीर पळीने एकेका घरात ओततो. लाल, पिवळा आणि काळा बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे. मग श्वास रोखून जाळी सरळ वर उचलतो. हात जरा हलला तर लाल पांढऱ्यात शिरला. रंगांच्या कडा एकमेकींना टेकतात, मिसळत नाहीत. वर कोरडं सिमेंट-वाळू भुरभुरतात, ते रंगातलं जादा पाणी ओढून घेतं. त्यावर जाड वाळू-सिमेंटचा थर, झाकण, आणि प्रेसचा दाब. लादी पालथी घडत असते, म्हणून उलटेपर्यंत चेहरा कारागिरालाही दिसत नाही. जाळीसुद्धा नक्षीच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी करावी लागते. दुसऱ्या दिवशी लादी पाण्यात जाते आणि त्यानंतर काही आठवडे ओलाव्यात पक्की होते. रंगाचा थर साधारण चार-पाच मिलिमीटरचा. मिंटनने मातीत जे भट्टीत साधलं, तेच इथे सिमेंटमध्ये पाण्यावर साधलं.

तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या अत्तंगुडीत तर प्रेसही नाही. तिथे लादी काचेवर ओततात आणि काचेचा गुळगुळीतपणा तिच्या अंगाला येतो.

पोरबंदरला 1914 मध्ये सिमेंटचं उत्पादन सुरू झालं आणि सिमेंटचं पोतं देशी झालं. लादी तेवढी परदेशी राहिली होती. 1922 मध्ये मुंबईचे फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी ‘भारत’ या नावाने फरशीची कंपनी काढली. कारखाना उरणला, म्हणजे मुंबई बंदराच्या पलीकडच्या काठावर. प्रेरणा स्वदेशीची होती. राजकीय स्वातंत्र्याबरोबर आर्थिक स्वातंत्र्यही हवं, हा विचार त्यांना कराचीच्या जमशेद नसरवानजी मेहतांकडून मिळाला. विलायती लादीच्या तोडीची लादी इथल्या मजुराच्या हातून काढायची, एवढाच आग्रह. भट्टी लागणारा धंदा असता तर हा आग्रह फार महाग पडला असता. साचे, जाळ्या, प्रेस आणि पाण्याचा हौद एवढ्यावर तो उभा राहिला. मग अशाच लहानमोठ्या कारखान्यांतून नक्षी जिन्यांत, देवळांच्या सभामंडपांत, गोव्याच्या बल्कांवांत, पारशी-इराण्यांच्या हॉटेलांत उतरली. सगळ्यांत गाजली ती तीन रंगांच्या शंकरपाळ्यांची, जी बघता बघता डोळ्यांना उभ्या ठोकळ्यांची वाटू लागते.

स्वातंत्र्यानंतर मोझॅकचे दिवस आले. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा टाकायच्या आणि बसवल्यावर मशिनने घासून काढायचं. नक्षी गेली, ठिपके राहिले. सोसायट्या आणि सरकारी वसाहती याच लादीवर वाढल्या. नंतर सिरॅमिक, मग व्हिट्रिफाइड, आणि गुजरातेतल्या मोरबीचा माल ट्रकांनी येऊ लागला. हातच्या लादीचे कारखाने एकामागून एक मिटले. सिधवांच्या कंपनीने 1999 च्या सुमाराला जुने साचे पुन्हा बाहेर काढले, तोवर जुन्या घरांच्या दुरुस्तीत अशी लादी मागणारी नवी पिढी तयार होत होती.

मागणी दिसताच भट्टीवाल्यांनीही नक्षी घेतली, पण छपाईने. कागदावर फोटो छापावा तशी टाइलवर नक्षी छापायची आणि वर काचेचा लेप द्यायचा. म्हणजे नक्षी परत आगीत गेली आणि अंगातून निघून कातडीवर आली. दुकानातल्या दोन बहिणींच्या भावातला फरक इथे कळतो. ओळखायचं सोपं आहे. तुटलेला तुकडा मागायचा आणि त्याची कड पाहायची. रंग कडेतही दिसला तर हातची लादी, वर नुसती रेघ दिसली तर छपाई.

छपाईची टाइल वाईट असं मात्र नाही. ती डाग धरत नाही, आम्लाला भीत नाही, हलकी असते, स्वस्त पडते. सिमेंटची लादी सच्छिद्र. सीलर लावूनही हळद, कोकम, तेल लगेच पुसावं लागतं. लिंबू आणि चिंच तिच्यातली संगमरवराची भुकटी खातात. न्हाणीघर साफ करायचं ॲसिड सांडलं तर तिथे कायमचा पांढरा चट्टा. घरात पुसणारा हात एकच असेल तर हा हिशेब नक्षीच्या आधी मांडावा.

पण बैठ्या घराची एक गोष्ट वेगळी असते. पावसाळ्यात कात्रपची जमीन चार महिने ओली. जुन्या जोत्याखाली ओल अडवणारा थर नसतो. सच्छिद्र फरशीतून ही ओल थोडी थोडी वर निघून जाते. घट्ट टाइल घातली की ती बाजूला सरकते आणि भिंतीच्या पायाशी लोणा धरतो. म्हणून असल्या घराच्या बोळाला सिमेंटची लादी मला अधिक मानवणारी वाटली. सीलरही श्वास घेऊ देणारा निवडायचा, प्लास्टिकसारखा थर धरणारा नको.

मग माप. बोळ दाराशी 4 फूट 2 इंच, स्वयंपाकघराशी 4 फूट. जुनं घर गुण्यात असायचंच नाही. लांबी 17 फूट 4 इंच. आठ इंची लादी रुंदीत 6 आणि लांबीत 26 बसते, एकूण 156. भोवती पट्टीच्या 56, कोपऱ्यांच्या 4, आत 96. चार लाद्यांत एक फूल पुरं होतं, म्हणजे आत 24 फुलं, अर्धं एकही नाही. दाराकडचे दोन जादा इंच पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये साध्या काळ्या लादीची निमुळती चीप घालून खपवायचे. नक्षी कापायची नाही, साधं कापायचं. मिस्त्रीने आधी मधोमध दोरी धरावी, सगळ्या लाद्या कोरड्या मांडून पाहाव्यात, मगच माल कालवावा. ही लादी ठोकताना लोखंडी हातोडी चालत नाही, आणि घातल्यावर मशिनने घासून सपाट करण्याच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. घासणं म्हणजे तेवढा रंग फेकून देणं.

रंग तीनच घेतले: गेरूचा लाल, काळा आणि मळकट पांढरा. बोळ अरुंद आणि उजेड कमी, तिथे सात रंगांची नक्षी चिखलासारखी दिसते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून पुढे मोरीपर्यंत भट्टीतली साधी टाइल, कारण तिथे पाणी, चिंच आणि ॲसिड तिन्ही येणार. आत्याला मोरीतही फुलं हवी होती. तुटक्या तुकड्यावर लिंबू पिळून दाखवल्यावर तिने हट्ट सोडला.

ऑर्डर 172 लाद्यांची दिली. हातच्या कामात रंगाची प्रत्येक खेप थोडी वेगळी उतरते, तेव्हा जादा 16 त्याच खेपेतल्या हव्यात. उद्या एखादी फुटली तर तिच्या जागी बसणारी दुसरी दुकानात मिळायची नाही, माळ्यावरच मिळेल.