'सावकारी पाश', मूकनायक आणि आपल्या हातातलं एडिटिंग

३१ जानेवारी १९२० ला मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' हा मूकपट लागला. एका आठवड्याच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना एकत्र कुणी सांगत नाही. एक चळवळीच्या इतिहासात जाते, दुसरी सिनेमाच्या. पण दोन्हींच्या मागे आमचं कोल्हापूर उभं आहे. 'मूकनायक'साठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. आणि 'सैरंध्री' ज्या कॅमेऱ्यावर चित्रित झाला, तो कॅमेराच कोल्हापुरात घडवलेला होता.

आता पुढचं बघा. 'सैरंध्री' पाहून लोकमान्य टिळकांनी बाबुराव पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच टिळकांच्या 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला होता, रोख पैसे देऊनसुद्धा! महाभारतातली कथा पडद्यावर आली तर पदवी, अस्पृश्यांनी स्वतःचं तोंड उघडलं तर जाहिरातीलाही जागा नाही. त्या काळात छापखाना आणि पेपर कुणाच्या हातात होते, हे एवढ्या एका प्रसंगातून कळतं.

साथींनो, हा लेख व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल आहे. तुम्ही म्हणाल, मग मूकनायक कशाला? कारण प्रश्न तोच आहे. साधन कुणाचं?

बाबुराव पेंटरांच्या कॅमेऱ्याची गोष्ट आमच्याकडे अभिमानाने सांगतात, पण तिच्यातला वर्गाचा आणि जातीचा भाग वगळून सांगतात. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. इकडे कोल्हापुरात आनंदराव आणि बाबुराव हे मिस्त्री घराण्यातले चुलतभाऊ नाटकाचे पडदे रंगवत होते. सुतारकामाची परंपरा असलेलं कारागिराचं घर. त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अर्धवट राहिलं, ते बाबुरावांनी दामल्यांसारख्या शिष्यांना हाताशी धरून पुरं केलं आणि १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा उभा राहिला. भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेने, म्हणजे ज्या बाईला तथाकथित सभ्य समाज दारात उभं करत नव्हता तिने. याच महाराष्ट्र फिल्म कंपनीतून शिकून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात सुरू केली. एका घरात घडलेल्या यंत्राभोवती अख्खा धंदा उभा राहिला.

मात्र यंत्र कारागिराच्या हातात आलं म्हणून कथा आपली झाली, असं घडलं नाही. पुराणं आणि इतिहास याच कथा बहुतेक चालल्या. अपवाद १९२५ च्या 'सावकारी पाश'चा. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात कशी जाते, हे त्यात होतं. अस्पृश्यतेवर पुढे प्रभातने १९३५ मध्ये 'धर्मात्मा' काढला, तोही संत एकनाथांच्या बाजूने. आपला माणूस त्यात कुणीतरी दया दाखवावी असा. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून गावकुसाकडे बघणारा 'फँड्री' यायला २०१३ उजाडलं.

हा 'सावकारी पाश' शब्द मला आजच्या सॉफ्टवेअरसाठी फार चपखल वाटतो. अडोबीचं प्रीमियर १९९१ पासून बाजारात आहे. एकदा पैसे भरून घ्यायचं आणि वर्षानुवर्षं वापरायचं, अशी पद्धत होती. २०१३ मध्ये कंपनीने ती मोडायला घेतली. नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने, दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरा. हप्ता थांबला की प्रोग्राम बंद. आणि प्रोग्राम बंद झाला की त्यात तुम्ही केलेलं काम, म्हणजे प्रोजेक्टची फाइल, तुम्हालाच उघडत नाही. जमीन तुमची, कसलीत तुम्ही, पण सातबारा सावकाराच्या पेटीत.

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली व्यापारपेठ. रेल्वे आली, गुळाचा व्यापार वाढला, त्यासाठी. इथे आणि स्टँडच्या आसपास लग्नाच्या शूटिंगची, मिक्सिंगची कामं करणारी आपली कितीतरी पोरं आहेत. हात तयार आहे. अल्बम, टीझर, रील सगळं करतात. पण विचारा, सॉफ्टवेअर कुठलं? ईडीयस किंवा प्रीमियर. पैसे भरलेत? हसतात. क्रॅक आहे दादा, सगळ्यांकडे तेच आहे.

मी त्या पोरांना नैतिकतेचे धडे देणार नाही. ज्या देशात महिन्याचा हप्ता भरायला दोन दिवसांची मजुरी जाते, तिथे क्रॅक चालणारच. माझा आक्षेप वेगळा आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर म्हणजे मागच्या दाराने मिळालेलं ताट. कधी काढून घेतील सांगता येत नाही. त्याच्यासोबत व्हायरस येतो, अपडेट बंद ठेवावं लागतं, आणि उद्या एखाद्या मोर्चाच्या व्हिडिओवरून कुणी त्रास द्यायचं ठरवलं तर बेकायदा सॉफ्टवेअर हे आयतं निमित्त. दुबळ्या माणसाने विरोधकाला निमित्त देऊ नये.

मग मोबाइलवरची मोफत ॲप? २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉक गेलं, त्याच यादीत व्हिवाव्हिडिओ हे एडिटिंगचं ॲपही होतं. बंदी बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवा. गावखेड्यातल्या बहुजन पोरापोरींनी टिकटॉकवर जे काही उभं केलं होतं ते एका रात्रीत हातातून गेलं, एवढं लक्षात ठेवा. मोफत होतं, पण मुक्त नव्हतं.

मोफत आणि मुक्त हा फरक आपल्या लोकांना समजायला अवघड जाऊ नये. महाडला तळं कुणी विकत मागितलं नव्हतं आणि पाण्याची भीकही मागितली नव्हती. हक्क मागितला होता. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ मध्ये जी मोहीम सुरू केली तिचा गाभा हाच आहे. प्रोग्रामचा कोड बघता आला पाहिजे, बदलता आला पाहिजे, वाटता आला पाहिजे. १९८९ च्या जीपीएल परवान्याने त्याला कायद्याची बाजू दिली: घ्या, वापरा, सुधारा, पुढे द्या, पण पुढच्याचा हक्क रोखू नका. ज्या समाजाला हजारो वर्षं ज्ञानाच्या दारातून हाकललं गेलं, त्याला या शेवटच्या अटीची किंमत कळते. (या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या जगातही आपल्याकडे इंग्रजी बोलणाऱ्या सवर्णांचाच भरणा आहे, हेही खरं. पण दार उघडं आहे, ते आपण का नाकारायचं?)

या जगातल्या एका गोष्टीने मला चळवळीच्या वर्गणीची आठवण होते. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. कोड गुंतवणूकदारांच्या ताब्यात. टॉन रोझेंदाल या निर्मात्याने तो सोडवून घ्यायला लोकांकडे एक लाख युरो मागितले. सात आठवड्यांत जमले. ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर सगळ्या जगासाठी मुक्त झालं. त्याच ब्लेंडरवर लॅटव्हिया या चिमुकल्या देशात बनलेल्या 'फ्लो' या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. ब्लेंडरमध्ये व्हिडिओ जोडण्या-कापण्याची सोयही आहे.

फक्त एडिटिंगसाठी मात्र केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्यावं असं माझं मत. आणि इथे एक गंमत आहे. हे दोन्ही प्रोग्राम आतून 'एमएलटी' नावाच्या एकाच इंजिनावर चालतात. त्या इंजिनाच्या कोडच्या जुन्या फाइली उघडा, वर मालकीहक्काची ओळ दिसते: उषोदया एंटरप्रायजेस, २००३-२००४. उषोदया म्हणजे हैदराबादचा रामोजी राव यांचा समूह, 'ईनाडू' पेपर काढणारा. आपल्या घराघरांत दिसणारं ई टीव्ही मराठी याच समूहाचं होतं. म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त एडिटिंगच्या मुळाशी भारतातल्या एका मीडिया कंपनीचा पैसा आहे, आणि तिने तो कोड खुला ठेवू दिला म्हणून आज विहारात बसलेली आपली पोरगी तो फुकट वापरू शकते. 'हे सगळं परदेशी लोकांचं' म्हणणाऱ्यांनी एवढं वाचावं.

दाविंची रिझॉल्व्हचं काय, असं हमखास विचारतात. चांगलं आहे, रंगकामात तर फारच पुढे. एकेकाळी ते लाखो डॉलरच्या यंत्रासोबत यायचं. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक या ऑस्ट्रेलियन कंपनीने विकत घेतलं, त्यानंतर एक मोफत आवृत्ती आली. पण कोड बंद आहे, दमदार ग्राफिक्स कार्ड मागतं, आणि मोफत आवृत्ती लिनक्सवर मोबाइलचं साधं एच २६४ फुटेजही घेत नाही. ज्याच्याकडे मशीन आहे त्याने जरूर शिकावं, पोटापाण्याला उपयोगी आहे. चळवळीचं दप्तर मात्र त्यात ठेवू नये.

जुन्या कॉम्प्युटरवर अडखळतं, ही तक्रार खरी आहे. त्याला उपाय प्रॉक्सी. केडेनलाइव्ह मूळ व्हिडिओची हलकी नक्कल करून देतं, काम नकलेवर करायचं, शेवटी फाइल काढताना मूळ व्हिडिओ आपोआप लागतो. मोबाइलवर घेतलेल्या भाषणात आवाज आणि ओठ पुढेमागे होतात, कारण फोन फ्रेमचा वेग बदलत राहतो. आधी फुटेज एडिटिंगला योग्य अशा फॉरमॅटमध्ये बदलून घ्या, शॉटकट आणि केडेनलाइव्ह दोन्हींत ती सोय आहे. मराठी टायटलला जोडाक्षरं फुटत असतील तर जुने श्रीलिपी फॉन्ट सोडून युनिकोड फॉन्ट वापरा. मुंबईच्या एक टाइपने काढलेला 'मुक्ता' खुल्या परवान्याने मिळतो. नावही बघा. मला तर १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणारी मुक्ता साळवे आठवते.

एवढ्या तपशिलात मी का शिरतोय? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं, त्यात बुद्धभूषण प्रेसही गेला. बाबासाहेबांचा छापखाना! इमारत एका रात्रीत पाडता येते. हजारो मशीनवर पसरलेला खुला कोड तसा पाडता येत नाही. आणि नुकसान फक्त बुलडोझरने होत नाही. मूळ 'सैरंध्री' आणि मूक 'सावकारी पाश' आज बघायला मिळत नाहीत, दोन्ही नष्ट झाले. एवढ्या गाजलेल्या कंपनीची ही गत, तर गल्लीतल्या भीमजयंतीच्या, शाहिरांच्या जुन्या कॅसेटींची काय असणार? अनेक घरांत त्या माळ्यावर बुरशी धरतायत. ज्यांनी बाबासाहेबांना प्रत्यक्ष ऐकलं त्या पिढीतली शेवटची माणसं आता जातायत.

म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक विहाराला माझं मागणं ठरलेलं आहे. एक जुना कॉम्प्युटर, त्यावर केडेनलाइव्ह, चार रविवार आणि शिकायला किमान निम्म्या मुली. माणगावपासून सुरुवात करा. १९२० च्या परिषदेच्या आठवणी ज्या घरांत आजोबा-पणजोबांकडून आल्यात, त्या घरांत जाऊन मोबाइलवर मुलाखती घ्या. आवाजासाठी कॉलरचा साधा माइक लावा, पंखा बंद करा. मूळ फुटेज दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. प्रोजेक्टची फाइलही सोबत ठेवा. केडेनलाइव्हची फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते, कुठला तुकडा कुठून घेतला हे पन्नास वर्षांनीही वाचता येईल. डिस्कवर तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मराठीत लिहा.