'पाय घसरून पडली': एका केसपेपरची गोष्ट

केसपेपरवर एवढंच लिहिलेलं असायचं: घरात पाय घसरून पडली. नाहीतर, चुकून विषारी औषध प्यायली. डॉक्टर टाके घालायचे, गोळ्या लिहून द्यायचे आणि बाई परत त्याच घरी. आजचा एपिसोड एका साध्या प्रश्नाबद्दल आहे. "घरी कोणी मारतं का?" हे आपल्याकडच्या दवाखान्यात विचारायला कधी लागले?

कायदा तर आधीच आला होता. 498 अ कलम 1983 चं. पण त्यासाठी पोलीस चौकीची पायरी चढावी लागते. मार खाल्लेली बाई चौकीत जाईलच असं नाही. दवाखान्यात मात्र कधी ना कधी येते, कारण तिथे जायला घरचे सहसा अडवत नाहीत. मला तर सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच दिसते.

हेच हेरून 2000 साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. सरकारी रुग्णालयाच्या आत चालणारं असं देशातलं हे पहिलं केंद्र. विभाग क्रमांक 101. म्हणजे हाडांचा विभाग, डोळ्यांचा विभाग, तसाच हाही एक. सोबत सासू आली असेल तर "सिस्टरने 101 मध्ये पाठवलंय" एवढं सांगून भागतं! नर्स आणि डॉक्टरांना शिकवलं गेलं ते खुणा ओळखायला: पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमा, न पटणारी कारणं, विष घेतल्याच्या केसेस.

मग येणाऱ्या प्रत्येक बाईला का नाही विचारायचं? यावर जगभर वाद झाला. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये सांगितलं: सरसकट नको. खुणा दिसल्या तर विचारा, एकटीला विचारा, आणि पुढे मदत कुठे मिळते ते आधी माहीत करून घ्या. नुसता फॉर्मवर टिक करून काय होणार? नवरा शेजारी उभा असताना विचारलं, तर रात्री घरी तिलाच भोगावं लागेल.

2006 मध्ये कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयातही दिलासा सुरू झालं, पुढे मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अमलात आला. त्यानुसार बाईकडे घटनेचा अहवाल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. अहवाल नसेल तर तो रुग्णालयानेच भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. आणि केसपेपरवर 'पाय घसरला'ऐवजी 'नवऱ्याने मारलं' असं लिहिलं असेल, तर तोच कागद पुढे कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येतो.