पैसे दिसून राहिले, निघून नाही राहिले

मागच्या दिवाळीच्या आधी भाचा मोबाइल घेऊन आला आणि खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाला, "मामा, पैसे दिसून राहिले, पण निघून नाही राहिले."

दिसत तर होते. चार हजारांच्या वर डॉलर, हिरव्या अक्षरांत. खाली एक ओळ की तुमच्या माहितीची पडताळणी सुरू आहे. पोरगा राहतो देवळीत, मिरननाथ महाराजांच्या देवळापासून दोन गल्ल्यांवर. त्याची कंपनी मात्र अमेरिकेत, वायोमिंग राज्यात. तिथे तो कधी गेलेला नाही. पासपोर्टसुद्धा या कंपनीपायीच काढला.

मी गावात तीस वर्षं करसल्लागाराचं काम करतो. जिनवाले, कृषी केंद्रवाले, दोन-चार ठेकेदार, असं माझं गिऱ्हाईक. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यात ही नवी पोरं आली. अमेरिकेतल्या लोकांना काही प्रोग्रॅम विकतात, कुणी डिझाइन विकतं. गिऱ्हाइकाला कार्डावर पैसे द्यायचे असतात आणि ते कार्ड घेणारा स्ट्राइप २०२४ पासून भारतात नवीन खातं फक्त आमंत्रण असेल तरच देतो. मग पोरं तिकडेच कंपनी काढतात. वायोमिंगनं १९७७ मध्ये 'एलएलसी' या प्रकाराचा अमेरिकेतला पहिला कायदा केला. मालकानं तिथे राहायलाच पाहिजे अशी अट नाही. तिथला एक नोंदणीकृत एजंट आणि नऊ अंकी करक्रमांक एवढं जमलं की कंपनी उभी. ज्याच्याकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नाही, त्यानं करक्रमांकासाठी फॅक्स करायचा. हो, फॅक्सच. देवळीत फॅक्सचं मशीन शोधायला निघालो तेव्हा झेरॉक्सवाला माझ्याकडे बघतच राहिला.

आता खातं का अडलं ते सांगतो, कारण माझ्या आबाजींची आठवण मला तिथूनच झाली. आधारवर गावाचं नाव इंग्रजीत एका तऱ्हेनं, पासपोर्टवर दुसऱ्या. एकीकडे 'देओली', दुसरीकडे 'देवली'. शिवाय पत्त्याचा पुरावा म्हणून दिलेलं विजेचं बिल आबाजींच्या नावावर. आबाजींना जाऊन चाळीस वर्षं झाली, पण मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे. आपल्याकडे मीटर माणसापेक्षा जास्त जगतं.

आबाजी एका मारवाडी शेठच्या आडतीवर दिवाणजी होते. ते एक किस्सा नेहमी सांगत, आणि व्यापाऱ्यांच्या घरात तो सगळ्यांनाच माहीत असतो. मारवाडी वह्यांची मुडिया लिपी बिनमात्रांची. कुणीतरी पत्र धाडलं, 'काकाजी अजमेर गए'. घरच्यांनी वाचलं, 'काकाजी आज मर गए', आणि रडारड सुरू. आबाजी म्हणत, म्हणून पैशाच्या कागदावर एकच गोष्ट तीनदा लिहावी.

हुंडीत ती खरंच तीनदा लिहिलेली असे. त्यांच्या लाल कापडी वहीत ठेवलेली एक वटलेली हुंडी मी लहानपणी हातात घेतली आहे. वटलेल्या हुंडीला ते खोखा म्हणत. रुपये हजार आकड्यात, मग अक्षरी, मग 'निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे'. म्हणजे कुणी शून्य वाढवायला गेला तर त्याला निम्माही बदलावा लागणार. हजाराला दहा हजार करणाऱ्याचा हात तिथंच अडकायचा.

हुंड्यांचे प्रकार ते बोटांवर मोजून सांगत. दर्शनी म्हणजे दाखवल्याबरोबर पैसे. मुद्दती म्हणजे ठरल्या दिवसांनी. धनीजोग, म्हणजे जो धनी असेल त्याला. आणि शाहजोग: ही हुंडी कुणीही घेऊन जावी, पण पैसे मिळणार ते पेठेत पत असलेल्या शाहूकारालाच. वाटेत चोरली तरी चोराला एखादा शाहू गाठावा लागे, आणि शाहू विचारणार, तुला ही मिळाली कुठून? पडताळणी झाली ती तिथे, माणसाच्या तोंडावर. हुंडी हरवली तर पेठ लिहून देत, म्हणजे दुसरी प्रत. तीही गेली तर परपेठ. तीही गेली तर पंचांच्या साक्षीचा मेजरनामा. समोरच्या पेढीनं हुंडी सकारली नाही तर त्याच गावातल्या दुसऱ्या कुणीतरी ती भागवावी, अशी जिकरी चिठ्ठी सोबत असे. १८८१ मध्ये इंग्रज सरकारनं चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांच्या चालीरीतींना पहिल्याच कलमात बाजूला ठेवलं. व्यापाऱ्यांची रीत तशीच चालू राहिली.

पण देवळीसारख्या गावाला हे सगळं लागलं कशाला? कापसामुळे. आणि गावातल्या कापसाचे मालक गावात नसत, म्हणून.

रेल्वेच्या आधी नागपूर-वऱ्हाडकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरला, गंगेच्या काठी जाई. शेकडो मैलांची वाट, आणि वाटेत पाऊस लागला तर माल गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं लक्ष इकडे वळलं. मुंबईत पैशाचा महापूर आला, शेअरबाजीत तो १८६५ मध्ये ओसरलाही आणि १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेचं दिवाळं निघून नवी बँक काढावी लागली. गंमत अशी की मुंबईहून नागपूरपर्यंत गाडी धावली ती १८६७ मध्ये. ज्या युद्धानं कापसाला सोन्याचा भाव आणला ते दोन वर्षांपूर्वीच संपलेलं होतं. वर्धा जिल्हाही तसा नवाच: १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढला, आणि पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसवलं १८६६ मध्ये. सरकारनं मध्यप्रांत-वऱ्हाडसाठी खास कापूस कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. हिंगणघाटच्या कापसाचं नाव विलायतेच्या बाजारात गेलं. आमची देवळी कापसाची पेठ होती, पण नाव हिंगणघाटचं झालं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना याची बोच अजून आहे.

आता मालक बघा. गाडी जीआयपी कंपनीची. तिचे भागीदार इंग्लंडात. त्यांना पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून, गाडीला तोटा झाला तरी. कापूस घेणारी एक मोठी कंपनी फोल्कार्ट, १८५१ मध्ये निघालेली, पेढी मुंबईत आणि घर स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला. दुसरी रॅली ब्रदर्स. हिंगणघाटला गिरणी काढणारे बन्सीलाल अबीरचंद मूळचे बिकानेरचे. जमनालाल बजाजही राजस्थानातल्या सीकरकडून दत्तक म्हणून वर्ध्याला आले, पण त्यांनी वर्धाच घर केलं. ते वेगळे निघाले. बाकी बहुतेकांसाठी हा मुलूख परगावच. आबाजींच्या शेठचीही हवेली 'देस'ला होती आणि तो वर्षातले चार महिने तिकडे. मग इथला रोजमेळ, खतावणी, तिजोरीची किल्ली सगळं दिवाणजीकडे.

कापूस घेणाऱ्या कंपनीला दिवाळी ते होळी एवढ्या दिवसांत गावोगाव रोख रुपये लागत. लिव्हरपूलच्या गिऱ्हाइकाकडे पौंड. बैलगाडीशेजारी उभ्या कास्तकाराला चांदीचा रुपया हवा. पौंडाचा रुपया कसा व्हायचा? हे मी पुष्कळ उशिरा, वाचून समजून घेतलं, आणि समजलं त्या दिवशी हसू आलं.

इंग्लंडातल्या भारतमंत्र्याला दरवर्षी तिकडे पौंड लागत: पेन्शनी, रेल्वेचं व्याज, कर्जाचे हप्ते. त्याच्याकडे इकडे होते रुपये, शेतसाऱ्याचे. तर तो लंडनमध्ये कौन्सिल बिलं विकायला काढी. कापूस घेणाऱ्यांची बँक तिथे पौंड भरी, कागद घेई, आणि मुंबईच्या सरकारी खजिन्यातून रुपये उचली. ते रुपये थैल्यांतून गाडीनं इकडे येत. म्हणजे देवळीच्या कास्तकारानं सारा म्हणून भरलेला रुपयाच फिरून कापसाचे पैसे म्हणून त्याच्या हातात पडे, आणि त्याच्या मालाचे पौंड समुद्र ओलांडतच नसत. बोट फक्त कापूस घेऊन जाई.

मध्ये रुपयाही गडगडला. १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांचा रुपया १८९२-९३ पर्यंत पंधरा पेन्सवर आला, कारण जगात चांदी स्वस्त झाली. १८९३ मध्ये सरकारनं टांकसाळीत लोकांची चांदी घेणं बंद केलं आणि पुढे सोळा पेन्सचा, म्हणजे पौंडाला पंधरा रुपयांचा दर बसवला. एका देशाचं नाणं दुसऱ्याच्या नाण्यात करताना जे द्यावं-घ्यावं लागतं त्याला आपल्याकडे हुंडणावळ म्हणतात. हुंड्या गेल्या, शब्द राहिला.

हे सांगताना जुन्याचं कौतुक माझ्या बोलण्यात येतं, ते मला कळतं. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. शाहजोग हुंडी शाहूंसाठी होती. देवळीचा कुणबी, तेली, माळी हुंडी लिहू शकत नव्हता. त्याचा कापूस रुमालाखाली बोटं दाबून ठरलेल्या भावानं जाई, दलालाच्या आणि घेणाऱ्याच्या बोटांत काय झालं ते त्याला दिसत नसे. मग दलाली, हमाली, धर्मादाय कापून उरलेलं हातात. आबाजी स्वतः ते कापत. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, "मालकाचं मीठ खात होतो जी." पुढे बोलले नाहीत.

तेव्हा माझ्या भाच्याचं प्रकरण उलटं आहे, आणि मला ते आवडतं. आता मालक देवळीत आणि पेढी वायोमिंगला. फक्त तिकडे त्याचा दिवाणजी कुणी नाही. ज्याला तो बँक म्हणतो ती बँकही नाही, एक ॲप आहे, आणि पैसे तिच्यामागच्या कुठल्यातरी बँकेत आहेत. कार्डाचे पैसे आले म्हणजे आले असंही नाही. गिऱ्हाइकानं महिन्यांनी तक्रार केली तर चार्जबॅक होऊन परत जातात. आबाजींच्या यादीत एक जोखमी हुंडी होती, माल सुखरूप पोचला तरच पैसे देणं लागायचं. हे तिचंच नातवंड.

आणि कागद दोन्हीकडचे. अमेरिकेत एकट्या परदेशी मालकाच्या अशा कंपनीला दरवर्षी ५४७२ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, नफा असो-नसो. चुकला तर दंड पंचवीस हजार डॉलर. इकडे २०२२ च्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांखाली आपल्या बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेत नोंद, आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता. पोरं व्हिडिओ बघून वीस मिनिटांत कंपनी काढतात आणि माझ्याकडे दोन वर्षांनी येतात. मी त्यांच्यावर ओरडतो. मग चहा सांगतो.

भाच्याचं काम महिनाभरानं झालं. मीटर नावावर करून घेतलं. त्याला बहिणीची सही लागली, मोठ्या मामाची लागली आणि आबाजींचा मृत्यूचा दाखला शोधताना ती लाल वही पुन्हा हाती आली. गावाचं नाव दोन्ही कागदांवर एकच केलं. मग एका सकाळी त्याचा फोन आला, पैसे वर्ध्याच्या खात्यात पडले म्हणून.

"हुंडणावळ किती पडली?" मी विचारलं.

"काय पडलं मामा?"

"अरे, कापले किती?"

त्यानं मोजून सांगितलं. कार्डवाल्यानं इतके, पाठवणाऱ्यानं इतके, इकडच्या बँकेनं दरातच इतके दाबले. मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर एकाखाली एक लिहीत गेलो. बेरीज केली, अक्षरी लिहिली आणि सवयीनं खाली तिचा निम्माही लिहिला.