उसाच्या पडावावरचं पिण्याचं पाणी : ड्रम कसा धुवावा, औषध किती टाकावं

बारडोली : पुस्तकात बारडोली म्हणजे १९२८ चा सत्याग्रह आणि सरदार पटेल. नवापूर, साक्री, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवर मात्र बारडोली म्हणजे साखर कारखाना. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी लागते आणि भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं असं अख्खं घर सुरत जिल्ह्यात येऊन उतरतं. त्या सामानात एक निळा प्लास्टिकचा ड्रम हमखास असतो. पुढचे पाच-सहा महिने टोळीचं पिण्याचं पाणी त्यातच असतं. एका गावाचा ऊस संपला की पडाव हलतो, ड्रमही हलतो.

गावाकडे नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल टाकतो. कधी टाकतो, कधी विसरतो, पण ते काम कुणाचं हे ठरलेलं असतं. पडावावर ते कुणाचंच ठरलेलं नसतं. पाणी शेतकऱ्याच्या बोअरचं, जवळच्या विहिरीचं, कुठे काकरापार डाव्या कालव्याच्या चारीचं. त्यात औषध टाकलेलं नसतं. आणि एखाद्या ठिकाणी गावाच्या टाकीतलं शुद्ध पाणी मिळालं, तरी ते ड्रममध्ये पडल्यावर शुद्ध राहीलच असं नाही. जुलाबाची साथ आली की लोक विहिरीला नावं ठेवतात. बऱ्याच वेळा दोष ड्रमच्या आत असतो.

ड्रमच्या आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तो नुसता मळ नाही, जंतूंनी स्वतःभोवती केलेला चिकट थर आहे. वरून टाकलेलं थोडं औषध त्या थरावरच खर्च होतं, आतले जंतू शाबूत राहतात आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरतात. म्हणून आधी घासणं, मग औषध. हा क्रम उलटा केला तर औषध वाया जातं.

ड्रम मुळात कशाचा होता?

हा प्रश्न धुण्याच्याही आधीचा. दक्षिण गुजरातेत वापी, अंकलेश्वर, सचिन अशा मोठ्या रासायनिक वसाहती आहेत आणि तिथले रिकामे ड्रम भंगारवाल्यांकडून सगळीकडे पोहोचतात. स्वस्त मिळतो म्हणून घेतलेल्या ड्रममध्ये आधी काय होतं, हे विकणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं. प्लास्टिक थोडं रसायन पिऊन घेतं आणि नंतर हळूहळू पाण्यात सोडतं. वास गेला म्हणजे विष गेलं, असं नाही. कीटकनाशक, तणनाशक, रंग, आम्ल किंवा डिझेल ज्यात होतं तो ड्रम सोड्याने धुतला, उन्हात महिनाभर ठेवला तरी पिण्याच्या पाण्याला घेऊ नये. कपडे-भांड्यांच्या पाण्यालाही न घेतलेला बरा. पिण्यासाठी नवा ड्रम घ्यावा, नाहीतर ज्यात खाण्याचाच माल होता याची खात्री आहे असा. टोळीने वर्गणी काढून एक नवा घेतला तर तो अनेक हंगाम चालतो. या एका खर्चात काटकसर करू नये.

ड्रम लागतो किती मोठा? दहा कोयत्यांच्या टोळीत नवरा-बायको मिळून वीस माणसं, वर लेकरं. पंचवीस धरू. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी सात लिटर म्हटलं तरी १७५ लिटर होतात. म्हणजे २०० लिटरचा एक ड्रम एका दिवसाचा. हे सोयीचंच आहे. रोज रिकामा होऊन रोज भरला जाणारा ड्रम चार दिवस तुंबून राहिलेल्या टाकीपेक्षा चांगला. धुण्या-आंघोळीचा ड्रम वेगळा हवा, आणि तो वेगळा आहे हे लांबून दिसावं म्हणून त्याला रंगाचा पट्टा मारावा.

एक पुडी, एक बाटली

टीसीएल म्हणजेच ब्लीचिंग पावडर. बारडोलीच्या दुकानात ब्लीचिंग पावडर म्हणूनच मागावी. ताज्या पावडरीत साधारण २५ ते ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ऊन-ओल लागली की ते उडून जातं आणि खाली नुसता चुना उरतो. म्हणून मोठी थैली घेऊ नये, लहान बंद पाकीट घ्यावं.

पुढचा हिशेब २५ टक्क्यांच्या पावडरीचा आहे. दुकानदाराकडून ४० ग्रॅमच्या पुड्या वजन करून घ्याव्यात. एक पुडी थोड्या पाण्यात कालवून एक लिटर पाणी करावं, अर्धा तास ठेवावं, चुना खाली बसला की वरची निवळी बाटलीत भरावी. हे झालं एक टक्क्याचं औषध. बाटली गडद रंगाची, झाकण घट्ट, सावलीत ठेवलेली आणि लेकरांच्या हाताला न लागणारी हवी. थंड पेयाच्या बाटलीत हे औषध कधीही भरू नये, कुणीतरी ते तोंडाला लावतं. आणि संडास धुण्याच्या आम्लाशी ते कधी मिसळू नये, विषारी वायू निघतो.

ड्रम धुवायचा असेल तर ही अख्खी बाटली लागते. आधी साबण आणि ब्रश घेऊन तळ, कडा आणि झाकणाची आतली बाजू घासावी, दोनदा खंगाळावं. मग ड्रम काठोकाठ भरून लिटरभर निवळी ओतावी. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन होतं. तोटी असेल तर ती उघडून वास येईपर्यंत पाणी जाऊ द्यावं, म्हणजे तोटीतही औषध पोहोचतं. किमान चार तास, जमलं तर रात्रभर ठेवावं. हे पाणी पिऊ नये, बैलांना दाखवू नये, चारीत सोडू नये. सकाळी ओतून दोन-तीन वेळा चांगल्या पाण्याने धुतलं की ड्रम तयार. हंगामाच्या सुरुवातीला, प्रत्येक पडाव बदलताना आणि टोळीत कुणाला जुलाब लागले की असा ड्रम धुवावा.

रोजच्या पिण्याच्या पाण्याला मात्र त्याच बाटलीतलं फक्त ४० मिलिलिटर लागतं, २०० लिटरला. वीस लिटरच्या हंड्याला ४ मिलिलिटर. मेडिकलवाल्याकडून सुई नसलेली पाच मिलिलिटरची सिरिंज घेतली की माप चुकत नाही. ढवळावं, झाकावं आणि अर्धा तास थांबावं. हा अर्धा तासच बहुतेक ठिकाणी पाळला जात नाही. तोडीवरून आलेला माणूस तहानलेला असतो, म्हणून पाणी पहाटे निघण्याआधी भरून औषध टाकून ठेवणं सोपं जातं. बाटली आठवड्या-पंधरवड्याने नवी करावी, जुनं औषध कमजोर होतं.

पाणी गढूळ असेल तर आधी चार पदरी फडक्यातून गाळावं, तुरटी फिरवून गाळ बसू द्यावा, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढावं आणि मग औषध टाकावं. माती क्लोरीन खाऊन टाकते. तरीही गढूळपणा राहिलाच तर औषध दुप्पट.

पावडरीचा हा खटाटोप नको असेल तर क्लोरीनची गोळी आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली अर्ध्या ग्रॅमची गोळी वीस लिटर पाण्याला पुरते. इतर गोळ्यांचं माप वेगवेगळं असतं, पाकिटावर वाचावं. आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडे विचारणा करावी. गुजरातेत ‘क्लोरिननी गोळी’ म्हटलं की काम होतं. हरकत एवढीच की गोळी संपली की संपली, पावडर कुठेही मिळते.

औषध पुरलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट करतात ती हीच. दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. अर्ध्या तासानंतरही पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे, भारतीय मानकाचा आकडा हाच आहे. चाचणीचं पाणी फेकून द्यायचं असतं, त्याच पेल्यातून प्यायचं नसतं. संच नसेल तर नाक हे कामचलाऊ साधन : अगदी हलका वास हवा. काहीच वास नाही म्हणजे बहुधा औषध कमी पडलं. घशाला झोंबत असेल तर जास्त झालं.

तांब्या आणि नळी

ड्रम धुतला, औषध टाकलं आणि मग दहा हात तांब्या घेऊन आत गेले, तर सगळं पाण्यात. ड्रमला तोटी बसवणं सगळ्यात चांगलं, तळापासून चार बोटं वर, म्हणजे गाळ येत नाही. ड्रम विटांवर चढवावा. तोटी जमली नाही तर लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते खाली न ठेवता टांगलेलं. तोंडाला झाकण किंवा घट्ट बांधलेलं फडकं हवंच, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

नळीकडे कुणाचं लक्ष नसतं. उसाच्या शेतात ॲट्राझिन, २,४-डी यांसारखी तणनाशकं वापरली जातात आणि फवारणीचं पाणीही त्याच बोअरवर, त्याच नळीने भरलं जातं. नळीचं टोक फवाऱ्याच्या पाण्यात बुडलेलं असताना मोटार बंद पडली तर औषध उलटं नळीत ओढलं जाऊ शकतं. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवावी, आणि भरताना तिचं टोक पाण्यात न बुडवता वर धरावं.

पर्यटनाच्या कॅरॅव्हॅनलाही हाच नियम आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. अशा गाडीची पाण्याची टाकी महिनोन्‌महिने बंद राहते. ती धुतानाही ५० मिलिग्रॅमचंच माप, फक्त आधी फिल्टरची कांडी काढून ठेवायची आणि पाणी तापवण्याचं यंत्र बंद करायचं. कोळशाचा फिल्टर क्लोरीन शोषून घेतो, पुढच्या नळ्या कोरड्याच राहतात.

क्लोरीन जंतू मारतं, रसायन नाही. शेतीपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खताचं नायट्रेट असू शकतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तान्ह्या बाळांना ते सगळ्यात धोक्याचं. उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, पाणी आटल्याने उलट वाढतं. बाटलीने दूध पिणाऱ्या बाळासाठी गावाच्या योजनेचं पाणी आणावं.

हे सगळं तोडकऱ्यांनीच करायचं का? कायदा तसं म्हणत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मजुरांना पिण्यायोग्य पाणी देणं ठेकेदारावर टाकलं, त्याने दिलं नाही तर मूळ मालकावर. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात राहण्याची आणि औषधोपचाराची सोय आली. २०२० च्या संहितेत हे दोन्ही एकत्र केले गेले. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीचे साखर कारखाने आणि खानदेशातून येणारे तोडकरी यांच्यावर दीर्घ लेख लिहिला तो १९७८ चा, आणि पडावाचं तेव्हाचं वर्णन आजही ओळखीचं वाटतं. उचल ठरवताना मुकादमाशी कोयत्याच्या दरावर घासाघीस होते. त्याच बैठकीत पाणी कुठून मिळणार, नवा ड्रम आणि पावडर कोण देणार, हेही बोलून घ्यावं. हंगाम लागल्यावर विचारलं तर उत्तर मिळत नाही.

जुलाब लागलेच तर ओआरएसचं पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात मिसळून थोडं थोडं पाजावं, चोवीस तासांनी उरलेलं फेकावं. लहान मुलांना सोबत झिंकच्या गोळ्या, चौदा दिवस. डोळे खोल गेले, लघवी थांबली, पोर मलूल पडलं तर वाट न बघता १०८ लावावा. हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

मार्च-एप्रिलमध्ये परत निघताना ड्रम धुऊन, पूर्ण वाळवून, झाकण न लावता न्यावा. ओला ड्रम झाकण लावून ठेवला तर पावसाळाभर आत बुरशी धरते. घरी गेल्यावर तो पालथा ठेवावा, आणि चार महिने मोकळा आहे म्हणून त्यात खत, बियाणं किंवा डिझेल भरू देऊ नये.