हाताआड दडलेला घसा

लंडनच्या होक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सनचं लक्ष रस्त्यावरच्या माणसांच्या चालीकडेही असे. १८१७ साली त्याने कंपवातावर ६६ पानांची पुस्तिका छापली. तिच्यात रुग्ण अवघे सहा. दोघे त्याला रस्त्यातच गाठ पडलेले आणि एकाला तर त्याने नुसतं लांबून पाहिलेलं. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर वैद्यकशास्त्रात अजरामर झालेला दुसरा ग्रंथ सापडणं कठीण. आयुष्यभर जीवाश्म गोळा करणाऱ्या आणि 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने सरकारविरोधी पत्रकं लिहिणाऱ्या या माणसाची नजर मात्र पक्की होती.

पुस्तिकेचं नाव घेतलं की थरथरता हात आठवतो. पण तिच्यात जेवणाचंही वर्णन आहे, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. आधी हात चमचा तोंडापर्यंत नेईना, म्हणून भरवावं लागतं. मग घास चावून होईपर्यंत तोंडात टिकत नाही, आणि चावून झाला तरी गिळवत नाही. शेवटी हनुवटी छातीला टेकते आणि भरवलेलं पातळ अन्न लाळेसकट ओठांच्या कडेने ओघळत राहतं. लाळ का गळते, याचं कारणही त्याने अचूक सांगितलं: ती घशाकडे ढकललीच जात नाही. आजही घरोघरी 'फार लाळ सुटायला लागली' असंच म्हटलं जातं. प्रत्यक्षात सुटते नेहमीइतकीच, गिळली मात्र कमी वेळा जाते.

याच घशाच्या आधारे पार्किन्सनने एक तर्क लढवला. रोगाचं मूळ मानेच्या मज्जारज्जूत असावं आणि तिथून ते वर लंबमज्जेपर्यंत, म्हणजे मेंदूच्या देठापर्यंत सरकत असावं, असं त्याचं म्हणणं. पुरावा काय, तर बोलणं, चावणं आणि गिळणं एकामागोमाग बिघडत जातं. जोडीला त्याने काउंट द लॉर्दा या फ्रेंच सरदाराची जुनी हकीकत दिली. घोडागाडी उलटून त्याचं डोकं आदळलं होतं. पुढे हळूहळू वाचा गेली, गिळणं गेलं, लाळ गळू लागली, आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात लंबमज्जा कठीण झालेली आढळली. पार्किन्सनच्या सहांपैकी एकाचंही विच्छेदन झालेलं नव्हतं, आणि आपण अंदाजच बांधतो आहोत हे त्याने प्रस्तावनेतच कबूल केलं. उपाय मात्र त्या अंदाजावर बेतलेले: मानेतून रक्त काढायचं, कातडीवर फोड आणून ते वाहते ठेवायचे. गिळता न येणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग झाला असेल, हे न बोललेलंच बरं.

पन्नासेक वर्षांनी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को या डॉक्टरने या रोगाला पार्किन्सनचं नाव दिलं. मूळ पुस्तिका तोवर इतकी दुर्मीळ झाली होती की शार्कोला ती मँचेस्टरच्या एका ग्रंथपालाकडून मिळवावी लागली. त्याच्या काळात बेलाडोनाच्या जातीच्या वनस्पतींतली औषधं दिली जात. त्यांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळ गळणं कमी होतं. पण कोरड्या तोंडात घास सरकत नाही, हा त्यातला तोटा.

मग प्रयोगशाळांचं युग आलं. १९१२ साली फ्रीडरिख लेवीला या रोगाने गेलेल्या माणसांच्या मेंदूत पेशींमध्ये गोल गाठोडी दिसली. ती त्याला कुठे दिसली? ज्या जागांत दिसली त्यांतली एक म्हणजे लंबमज्जेतलं व्हेगस मज्जातंतूचं केंद्र. म्हणजे पार्किन्सनने बोट ठेवलं होतं त्याच मुलखात. पण १९१९ साली त्रेत्याकोफने मध्यमेंदूतल्या 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या काळसर पट्ट्यातला बिघाड दाखवला आणि सगळ्यांची नजर तिकडे वळली. तिथल्या पेशी डोपामाइन बनवतात. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा, म्हणजे डोपामाइनचा कच्चा माल, वेगळं काढलं होतं. १९६७ साली कोट्झियास यांनी हेच द्रव्य मोठ्या मात्रेत देऊन आखडलेली माणसं चालती केली. हात सुटले, पाय सुटले. गिळण्याचं मात्र तसं झालं नाही. काहींना फरक पडला, पुष्कळांना नाही. आणि गोळी पोटात जायची तर ती आधी गिळता यायला हवी, हा पेच राहिलाच.

घसा इतकी वर्षं मागे पडला, त्याला एक साधं कारण होतं: तो दिसत नाही. थरथरणारा हात रस्त्यावरूनही दिसतो, पण घास जिभेमागे गेला की संपलं, आणि घशातला सगळा खेळ एखाद्या सेकंदात उरकतो. हा पडदा उघडला तो एका हंसामुळे. १८९६ साली हार्वर्डमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅननने हंसाला क्ष-किरण अडवणारा घास गिळायला लावला आणि त्या लांबलचक मानेतून तो खाली उतरताना बघितला. पुढे हलत्या क्ष-किरण चित्रांचं तंत्र आलं, आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत जेरी लॉगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कंपवाताच्या रुग्णांवर वापरलं. बेरियम मिसळलेला घास पडद्यावर काळा दिसे. जीभ त्याला मागे ढकलायला जाई आणि अर्ध्यावर थांबे, पुन्हा ढकली, पुन्हा थांबे. घास तोंडातच हेलकावे खात राही.

त्या चित्रांतून त्याहून भयंकर गोष्टही समजली. अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि माणसाला साधा ठसकाही लागत नाही. ठसका ही घशाची राखणदारी. तीच झोपली, तर पुढे न्यूमोनिया होईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही. 'ठसका लागत नाही, म्हणजे सगळं ठीक' या समजुतीला इथे सुरुंग लागतो. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जो हिशेब मांडला, तोही हेच सांगतो: विचारलं तर तिघांतला एक रुग्ण गिळायला त्रास होतो म्हणतो, तपासलं तर पाचांतल्या चौघांत दोष सापडतो. माणूस खोटं बोलत नसतो. तो भाकरी दुधात कुस्करायला लागलेला असतो, चिवडा टाळायला लागलेला असतो, आणि जेवण पाऊण तासावर गेलंय ते वयाच्या खाती टाकून मोकळा झालेला असतो.

२००३ साली जर्मनीतले हाइको ब्राक यांनी रोगाच्या पायऱ्या मांडल्या. त्यांची पहिली पायरी सबस्टॅन्शिया नायग्राची नव्हती, लंबमज्जेतल्या त्याच व्हेगस केंद्राची होती. पार्किन्सन बरोबर ठरला, असं म्हणायचा मोह होतो. पण ते केंद्र मुख्यतः जठर आणि आतड्यांकडे बघतं, घशाच्या स्नायूंकडे नाही. शिवाय ब्राक यांचा क्रम सगळ्याच रुग्णांना लागू पडत नाही. पत्ता जवळपास बरोबर निघाला, दार मात्र शेजारचं होतं.

उपायांमध्ये आता रक्त काढणं नाही. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१० साली ६० रुग्णांवर चाचणी केली. एका नळीतून जोर लावून फुंकायचं, आठवड्यातले पाच दिवस, चार आठवडे. त्याने श्वासनलिकेचं रक्षण सुधारलं. दुसरा उपाय हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचा. मराठी घरात ठसका लागला की सगळे एकसाथ ओरडतात 'वर बघ, वर बघ!', आणि स्पीच थेरपिस्ट नेमकं 'खाली बघा' सांगतात. मान वर गेली की श्वासनलिकेची वाट आणखी मोकळी होते. अर्थात हा उपाय सरसकट नाही. कुणाला चालेल, ते तपासणीनंतरच ठरतं.

तिसरा उपाय द्रव घट्ट करण्याचा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत मधाइतका घट्ट द्रव श्वासनलिकेत सगळ्यात कमी गेला, पण रुग्णांना तोच सगळ्यात नावडता होता. पाठोपाठच्या अभ्यासात घट्ट द्रव पिणाऱ्यांत अंगातलं पाणी कमी होणं आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांसारख्या तक्रारी जास्त दिसल्या. शिवाय 'घट्ट' म्हणजे किती, यावर प्रत्येक रुग्णालयाचं मत वेगळं. म्हणून पुढच्या दशकात शून्य ते सात अशा आठ पातळ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आली. तिच्यातली द्रवाची परीक्षा स्वयंपाकघराच्या ओट्यावरही होते. १० मिलिलिटरची, बिनसुईची, ठरलेल्या मापाची सिरिंज घ्यायची, तळाला बोट लावून द्रव भरायचा, बोट काढायचं आणि दहा सेकंदांनी उरलंय किती ते बघायचं. पाणी सगळं वाहून जातं. ताकात पाणी किती घातलंय आणि पेज किती आटवलीय, यावर त्यांची पातळी ठरते.