विहिरीच्या कर्जातून उभं राहिलेलं सभागृह

वुडस्टॉक म्हटलं की १९६९ चा चिखलातला रॉक महोत्सव आठवतो. तो मुळात वुडस्टॉकला झालाच नाही. तिथून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या बेथेलमधल्या कुरणात झाला. वुडस्टॉकजवळच्या जंगलात मात्र त्याच्या अर्धशतक आधीपासून उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वादकांचं संगीत, रंगत आलं आहे. त्या उपक्रमाचं नाव मॅव्हरिक कॉन्सर्ट्स.

याचा कर्ता हर्वे व्हाइट. हार्वर्डमध्ये शिकलेला, विचाराने समाजवादी, कादंबऱ्या लिहिणारा आणि खिशाने कायम हलका. १९०२ मध्ये तो राल्फ व्हाइटहेड या श्रीमंत आश्रयदात्याबरोबर बर्डक्लिफ ही कलावंतांची वसाहत उभारायला वुडस्टॉकला आला. पण मालकाच्या शिस्तीत त्याचं मन रमेना. १९०५ मध्ये त्याने शेजारी स्वतःची शेतजमीन घेतली आणि लेखक, चित्रकार, वादक यांना अगदी कमी भाड्यात साध्या लाकडी खोल्या देऊ केल्या. या नव्या वसाहतीला पाणी पुरेना, तेव्हा विहीर खोदली. डोक्यावर सुमारे दीड हजार डॉलरचं कर्ज झालं. ते फेडायला १९१५ च्या ऑगस्टमध्ये वसाहतीने तिकीट लावून जत्राच भरवली: वेषांतर, नाटक, गाणी, रात्रभर धमाल. ती इतकी चालली की दरवर्षी भरू लागली.

पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, व्हाइटने मित्रांच्या मदतीने जंगलात संगीतसभागृह बांधलं. वास्तुविशारद नाही, आराखडाही जवळजवळ नाहीच. ओबडधोबड लाकडाचे खांब, फळ्यांच्या भिंती, तिरक्या छपराखाली वेड्यावाकड्या जुळवलेल्या काचा. मागची बाजू उघडी. आत जागा न मिळालेले लोक झाडांखाली बाकांवर बसून ऐकतात. न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदांतले वादक उन्हाळ्यात इथेच मुक्कामाला असत. मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वाद्यवृंदातले व्हायोलिनवादक पिएर हेनरोट त्यांच्यापैकीच. त्यामुळे स्ट्रिंग क्वार्टेट वाजवायला कलाकार शोधत फिरावं लागलं नाही. शेजारीच शेजाऱ्यांसाठी वाजवत होते. आपल्याकडच्या घरगुती बैठकीचा मोकळेपणा त्यात होता.

१९२४ मध्ये शिल्पकार जॉन फ्लॅनगनने कुऱ्हाडीने एका झाडाच्या खोडातून भलाथोरला घोडा कोरला. मजुरी तासाला पन्नास सेंट, म्हणजे वसाहतीतला चालू दर. कलावंत म्हणून एक पैसा जास्त नाही. हा घोडा आता सभागृहातच आहे.

जत्रेचं मात्र बिनसलं. हजारोंची गर्दी, दारू, दंगा वाढत गेला आणि १९३१ नंतर ती बंद पडली. पैसा आणणारी गोष्ट गेली, न आणणारी टिकली. मला वाटतं, मैफली लहान राहिल्या म्हणूनच वाचल्या. व्हाइट १९४४ मध्ये गेला, तरी रविवार चुकले नाहीत.

सभागृहाच्या उघड्या पाठीचा सगळ्यात मोठा उपयोग झाला २९ ऑगस्ट १९५२ ला. कलावंतांच्या मदतनिधीसाठी कार्यक्रम होता. बुलेझ, फेल्डमन यांच्या रचनांनंतर पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसला, झाकण लावलं आणि घड्याळ बघत एकही सूर न वाजवता चार मिनिटं तेहतीस सेकंद थांबला. संगीतकार जॉन केजच्या तीन भागांच्या '४′३३″' चा हा पहिला प्रयोग. केज पुढे सांगत असे, पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू आला, दुसऱ्यात छपरावर पावसाचे थेंब, तिसऱ्यात उठून जाणाऱ्या श्रोत्यांची कुजबुज. बंद, गालिचे घातलेल्या सभागृहात यातलं पहिलं-दुसरं कुठून ऐकू येणार? नंतरच्या चर्चेत एका कलावंताने या मंडळींना गावाबाहेर हाकला असं सुचवलं, असंही सांगतात. (याच केजने काही वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये गीता साराभाईंकडून भारतीय संगीत समजून घेतलं होतं. संगीत मन शांत करण्यासाठी असतं, हे त्यांच्या गुरूंचं म्हणणं त्याने मनावर घेतलं होतं.)

१९९९ मध्ये सभागृहाची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. २०१६ मध्ये मैफलींची शंभरी झाली. अमेरिकेतला सर्वांत जुना अखंड चालत आलेला उन्हाळी चेंबर संगीत महोत्सव, अशी ओळख आयोजक अभिमानाने सांगतात. जाझ आणि लहान मुलांसाठीचे कार्यक्रमही आता असतात. हंगाम मात्र उन्हाळ्यापुरताच, कारण उघड्या पाठीच्या सभागृहात हिवाळ्यात कोण बसणार?