वाटाणा, भिंग आणि राहुरीचं शेत

नगरहून शिर्डीला गाडीने जाताना राहुरीच्या अलीकडे महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागतं. आपण काचेतून बघतो आणि पुढे जातो. या विद्यापीठाची स्थापना १९६८ सालची. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा एक पडदा जगापुढे मांडला. यंत्र इतकं अवजड, की छताला टांगावं लागे. आणि दिसायचं काय? तर रेघांनी काढलेला साधा ठोकळा! पण मान वळवली की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसायची. आजच्या व्हीआरचा हा आजोबा.

या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण 'वर्गात व्हीआर आणा' असं कोणी म्हणालं की मला ही जोडी आठवते.

खरं तर पणजोबाही आहेत. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यात खोली भरतो, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच दाखवलं होतं. पुढे अमेरिकेत अशा जोडचित्रांचे संच शाळाशाळांतून विकले गेले. १९०७ मध्ये अंडरवुड कंपनीने भारतावर असाच एक संच काढला. फोटो काढणारे जेम्स रिकाल्टन हे मूळचे शाळामास्तर. म्हणजे तिकडची पोरं बाकावर बसून 'इंडिया' बघत होती, पण रिकाल्टनने जिथे कॅमेरा ठेवला तेवढाच.

आपल्याकडे काय चाललं होतं? कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका'चे खेळ सुरू केले. कंदील परदेशी तंत्राचा, पण काचेवर हाताने रंगवलेली चित्रं आपल्या ओळखीच्या कथांची. आणि १९१२ च्या आसपास दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोड्या थोड्या वेळाने टिपून पडद्यावर काही क्षणांत दाखवली. उद्देश भांडवल मिळवायचा होता, पण झाला तो वनस्पतिशास्त्राचा उत्तम तास! कारण ती वाढ नुसत्या डोळ्यांनी, एका बैठकीत, कोणालाच दिसत नाही.

आता अलीकडचं. २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा चष्मा काढला, २०१५ मध्ये शाळांसाठी 'एक्स्पिडिशन्स' आलं. घरबसल्या दूरदेशीची सहल. २०२१ मध्ये ते बंदही झालं. आपण सॉफ्टवेअरवाले 'प्रॉडक्ट बंद' म्हणून खांदे उडवतो. पण ज्या मास्तरांनी त्यावर धडे बसवले होते, त्यांचे धडेही गेले. पटवर्धनांच्या काचा त्यांच्या स्वतःच्या होत्या. फरक आहे तो इथे.

म्हणून राहुरीसारख्या ठिकाणी व्हीआर आणायचं तर मी दोनच प्रश्न विचारीन. पहिला, जे दाखवायचंय ते बाहेर जाऊन दिसतं का? उसाचा फड दाखवायला चष्मा कशाला हवा? चप्पल घाला आणि चला की! पण ठिबकचं पाणी मातीत कसं पसरतं, मुळं खाली कुठवर जातात, पाटपाणी जास्त झालं की क्षार कसे वर येतात, हे फडात उभं राहूनही दिसत नाही. मुळा धरणाचं पाणी पिणाऱ्या जमिनीवर घर चालणाऱ्या पोराला ते कळणं म्हणजे नुसती गंमत नाही, त्याच्या शेताचा प्रश्न आहे. फाळक्यांचा वाटाणा तो हाच.

दुसरा प्रश्न, कंपनीने उद्या गाशा गुंडाळला तर चित्रं कोणाकडे राहतील? ती शिकवणाऱ्यांनी, मराठीत, स्वतःच्या मातीची बनवलेली असतील तर चष्मा बदलला तरी धडा राहील.

यंत्राचा खर्च डोळ्यात भरतो, चित्रांचा कोणी धरतच नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांना अशी चित्रं बनवता येतात. एखादा वीकांत राहुरीला थांबलो तर?

बघा, पटतंय का.